करंगळीचं पूर्ण वाक्य

राग येतो, असं आपण म्हणतो. म्हणजे तो आधी कुठेतरी बाहेर असतो, मग येतो, थोडा वेळ बसतो आणि चहापाणी घेऊन जातो. प्रमिलाबाईंच्या बाबतीत ही सोय नाही. त्यांचा राग येत नाही. तो शे. अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे', आणि या 'शे'ला पुढे फार महत्त्व येणार असल्यामुळे तो आताच सांगून ठेवलेला बरा.

शिंदखेड्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रमिलाबाई सोळा वर्षं मावशी आहेत. शाळेच्या नावात एक इंग्रज संत आहेत आणि संचालक मंडळात सरकी-ढेपेचे तीन व्यापारी. संतांनी अजून हरकत घेतलेली नाही. प्रमिलाबाईंकडे नर्सरीपासून सीनियर केजीपर्यंतची सगळी पोरं असतात. त्यांची नाकं, त्यांचे डबे, त्यांच्या बुटांच्या नाड्या आणि मुख्य म्हणजे त्यांचं मुतणं. स्वच्छतागृहाच्या दाराशी एक निळी बादली असते. ज्याची चड्डी ओली होईल त्याची चड्डी त्या बादलीत जाते, धुतली जाते, कंपाउंडच्या तारेवर वाळते आणि दुपारी पिशवीतून घरी जाते.

पहिली साडेपंधरा वर्षं बादलीला फारसं काम नव्हतं. पोराने करंगळी वर करायची, मॅडमने मान हलवायची, मावशीने हात धरून न्यायचं. करंगळीला कर्ता-कर्म लागत नाही. लिंग, वचन, काळ यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरालाही ती येते आणि बागवान गल्लीतली हिंदी बोलणाऱ्यालाही. शाळेत शिकवलेली आणि शंभर टक्के मुलांना पहिल्याच दिवशी समजलेली ती बहुधा एकमेव गोष्ट असावी.

जूनमध्ये नवे प्रिन्सिपॉल आले. त्यांचं नाव समाधान. धुळ्याहून आले, आणि त्रेचाळीस अंशांत टाय घालून आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी करंगळी बंद केली. त्यांच्या मते ती मराठी माध्यमाची होती. यापुढे मुलाने उभं राहायचं आणि पूर्ण वाक्य बोलायचं: 'मे आय गो टू द वॉशरूम, मॅम?' या धोरणाला 'फुल सेंटेन्स पॉलिसी' असं नाव मिळालं आणि गेटवर त्याचा फ्लेक्स लागला.

वाक्यात सात शब्द आहेत. साडेतीन वर्षांच्या मुलाचं मूत्राशय साधारण चौथ्या शब्दापर्यंत धरतं. शिवाय वॉशरूम हा शब्द नर्सरीच्या तोंडात मावत नव्हता. काही मुलं 'वासरूम' म्हणत, काही नुसतंच 'वासरू'. वासराकडे जायची परवानगी मागणाऱ्याला मॅडम पुन्हा म्हणायला लावत, कारण वर्गात कॅमेरा होता आणि तो सरांच्या केबिनमध्ये दिसायचा. त्याला आवाजही ऐकू येतो की नाही, हे सरांनी कधी स्पष्ट केलं नव्हतं. काही गोष्टी स्पष्ट न केल्यानेच नीट चालतात.

जुलै संपेपर्यंत बादली रोज दोनदा भरू लागली.

या धोरणाचा एक लाभार्थीही होता. शाळेचे गणवेश शिवणारे जब्बारभाई. स्टेशन रोडवर त्यांचं दुकान आहे. पूर्वी नर्सरीच्या पोराला दोन चड्ड्या पुरायच्या, आता आया पाच-पाच शिवून नेऊ लागल्या. जब्बारभाईंना आधी वाटलं, शाळेचा पट वाढला. पुढे त्यांचा स्वतःचाच नातू हसनैन नर्सरीत जाऊ लागला आणि आठवड्यात त्यांच्या घरच्या पाच चड्ड्या कमी पडल्या, तेव्हा त्यांना धंद्यातल्या तेजीचं कारण कळलं.

*

ज्या दिवशी प्रमिलाबाईंचा राग कामाला लागला तो ऑगस्टमधला एक मंगळवार होता.

हसनैन तिसऱ्या बाकावर बसतो. त्याने सवयीने करंगळी वर केली. रत्ना मॅडम म्हणाल्या, "नो फिंगर. फुल सेंटेन्स." रत्ना मॅडम चोवीस वर्षांच्या, बेटावदकडच्या, स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या. त्यांनी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मग हसनैनकडे.

हसनैन उभा राहिला. "मे आय," तो म्हणाला. पुढचं येईना. पाय एकमेकांवर चढले.

"मे आय गो," मॅडमने पुढे ढकललं.

"मे आय गो... मॅडम, सूसू."

"वेट," मॅडम म्हणाल्या. "थिंक. मग बोल."

हसनैन थांबला, विचारही केला असावा. मग बाकाखाली पाणी पसरलं आणि बत्तीस मुलं हसली. हसायला पूर्ण वाक्य लागत नाही.

प्रमिलाबाई दारातून हे सगळं बघत होत्या. त्यांनी आत येऊन हसनैनला उचललं, बादलीशी नेलं, धुतलं, पुसलं, कपाटातली कोणाची तरी चड्डी चढवली. पोरगं हुंदके देत होतं. "रडू नको रे भो," त्या म्हणाल्या, "तुनं काहीच चुकनं नही." मग ओल्या हातांनी तशाच सरळ प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये गेल्या.

"सर, नर्सरीची पोरं..."

"आंटी, इंग्लिश प्लीज."

"मला कुठे येते इंग्लिश? सर, ती लहान पोरं..."

"नो, नो." सरांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. बोट चाललं, फक्त करंगळी नव्हती. पाटीवर लिहिलं होतं की हा परिसर इंग्रजी माध्यमाचा आहे. मग गैरसमज राहू नये म्हणून सरांनी एक वाक्य खास मराठीत सांगितलं: "रजा असो, तक्रार असो, ऑफिसात जे बोलायचं ते इंग्रजीत. नियम सगळ्यांना सारखा."

सगळ्यांना सारखा म्हणजे एम.ए., बी.एड. झालेल्या सरांना जेवढा, तेवढाच हसनैनला आणि तेवढाच प्रमिलाबाईंना.

प्रमिलाबाई बाहेर आल्या आणि बादलीपाशी उभ्या राहून अहिराणीत काही बोलल्या. ते इथे देता येणार नाही, पण त्यातही एक पूर्ण वाक्य होतं.

*

प्रमिलाबाईंचं आणि इंग्रजीचं जुनं होतं, पण अर्धवट. त्यांच्या गावच्या शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालं. गुरुजी आठवड्याला एक अक्षर शिकवायचे. क्यू झाला आणि गुरुजींची बदली झाली. नवे गुरुजी आले ते गणिताचे. वर्ग क्यूवरच राहिला. सातवीनंतर लग्न झालं, छगनभाऊंच्या घरी शिंदखेड्याला आल्या, आणि क्यूच्या पुढची अक्षरं ट्रकांच्या मागे, औषधांच्या बाटल्यांवर आणि बँकेच्या पासबुकात तुकड्या-तुकड्यांनी भेटत राहिली. डब्ल्यू त्यांना कुणी शिकवलाच नाही. वॉशरूम, वेट, वॉटर, वॉश हे सगळे शब्द त्यांच्या हद्दीबाहेरचे होते.

शाळा सुटल्यावर त्या जब्बारभाईंच्या दुकानात गेल्या. जब्बारभाईंची धाकटी मुलगी यास्मिन बी.ए. इंग्रजी झालेली, दुकानाच्या मागच्या खोलीत शिकवण्या घेते.

"यास्मिन, माले इंग्रजी शिकाड."

"कशाला, मावशी?"

"भांडाले."

जब्बारभाईंनी मशीन थांबवली. "प्रमिलाबहेन, भांडण तर तुम्हाला येतंच."

"मला येतं हो, जब्बारभाई. त्या सरला नाही समजत."

यास्मिनने विचारलं, तक्रार काय करायची आहे? प्रमिलाबाईंनी सांगितलं: मॅडम म्हणते थांब, आणि पोरगं ओलं होतं. एवढंच. हे एवढं इंग्रजीत बोलता आलं की झालं. पुढचं व्याकरण इंग्रजांनी आपल्याजवळ ठेवावं.

यास्मिनने वहीत लिहिलं आणि पहिल्याच शब्दाला गाडी अडली. "इज म्हणजे आहे," ती म्हणाली.

"'आहे' आम्ही फक्त तहसीलमध्ये बोलतो."

"मग घरी?"

"घरी शे."

यास्मिनने 'आहे' खोडलं आणि 'शे' लिहिलं. खानदेशातल्या पोरांना 'इज' का येत नाही, यावर तिला कॉलेजात कुणी उत्तर दिलं नव्हतं. ते इथे चड्ड्यांच्या ढिगात सापडलं. पोरांना आधी 'शे'चा 'आहे' करावा लागतो आणि मग 'आहे'चा 'इज'. दोन गाड्या बदलून पोहोचेपर्यंत वाक्य निघून गेलेलं असतं. शे म्हणजे इज. विषय संपला.

तो संपला नव्हता हे पुढे कळलं, पण त्या दिवशी दोघी खूश होत्या.

क्रियापदांची गंमत आणखी वेगळी होती. शहरातली पोरं 'ही गो' म्हणतात, त्यांना तो शेवटचा स जमत नाही. प्रमिलाबाईंना तो आईच्या दुधातून मिळाला होता. तो जास, तो खास, तो करस. 'ही गोज' त्यांच्या तोंडून पहिल्या दिवशी खणखणीत निघालं. फक्त अहिराणीत मीही जास आणि तूही जास. त्यामुळे 'आय गोज' आणि 'यू गोज'ही तितकंच खणखणीत निघायचं.

"मावशी, 'आय'ला स नाही लागत."

"का? मी माणूस नही?"

यास्मिनने व्याकरणाचं पुस्तक उघडून पाहिलं. याचं उत्तर त्यातही नाही.

मग 'ही' आणि 'शी'. तो म्हणजे ही, ती म्हणजे शी. प्रमिलाबाईंनी वही मिटली. सोळा वर्षं त्या ज्या गोष्टीला शी म्हणत आल्या, ती त्यांनी हातांनी धुतली होती. "बाईमाणसाला शी म्हणतात? आणि गडीमाणूस नुसता ही? हे कोणी ठरवलं?"

"इंग्रजांनी."

"गडीच असेल तो."

सगळ्यात जास्त वेळ गेला 'वेट'वर. थांब म्हणजे वेट आणि ओलं म्हणजेही वेट, आपल्या कानाला दोन्ही एकच. यास्मिन म्हणाली, ओलं असेल तेव्हा तोंड झटकन मिटायचं, वेट. थांब असेल तेव्हा आवाज ओढायचा, वेऽइट. प्रमिलाबाईंनी लगेच खूण बांधली: पोरगं जितका वेळ कळ काढतं तितकं ओढायचं. आणि डब्ल्यूला ओठ बशीतल्या चहावर फुंकर मारल्यासारखे करायचे. दुकानाबाहेरून जाणारे लोक बघत. आत एक बाई चहाशिवाय फुंकर मारत बसलेली असायची.

घरी छगनभाऊंनी विचारलं, "काय वं, आते तू मॅडम व्हशी का?"

"मॅडम नही. भांडाले शिकस मी."

"भांडाले इंग्रजी लागस?"

"त्या सरले लागस."

छगनभाऊ जिनिंगमध्ये तोलाईला आहेत आणि एकतीस वर्षं संसारात आहेत. या बाईला आता दुसरी भाषाही येणार, हे ऐकून त्यांनी आपलं ताट स्वतःच उचलून मोरीत ठेवलं.

*

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, मधल्या सुट्टीआधी प्रमिलाबाई केबिनमध्ये गेल्या. सर खुर्चीत होते.

"सर," त्या म्हणाल्या, "चाइल्ड शे वेट."

ऐन वेळी 'इज' निसटला आणि 'शे' आला. घरचं माणूस असंच नको तेव्हा येऊन उभं राहतं.

सरांच्या भुवया वर गेल्या. "चाइल्ड, शी?" ते म्हणाले. "इज द चाइल्ड अ गर्ल?"

"नो, सर. बॉय."

"देन, आंटी, नॉट शी. ही."

"ही?"

"ही."

"चाइल्ड ही वेट," प्रमिलाबाई म्हणाल्या. अंगात कढ येत होता, त्यामुळे वेट जरा लांबला.

सर हसले. त्यांना खरंच आनंद झाला होता. "गुड! व्हेरी गुड! चाइल्ड इज वेटिंग. आय एन जी. येस, लेट हिम वेट. वेटिंग इज डिसिप्लिन." ते उठून उभे राहिले आणि प्रमिलाबाईंशी हात मिळवला. सोळा वर्षांत या केबिनमध्ये त्यांचा हात कुणी हातात घेतला नव्हता. तो अशा प्रकारे घेतला गेला की त्यांना तो सोडवून घेता येईना, कारण सरांनी दुसऱ्या हाताने फोटोसाठी फोन वर धरला होता.

त्याच हाताचा फोटो संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली इंग्रजीत ओळ होती: 'इव्हन अवर आंटी स्पीक्स इंग्लिश!' त्याखाली एकशे बारा अंगठे.

यास्मिनने ओळ वाचून दाखवली.

"इव्हन म्हणजे?"

यास्मिन जरा अडखळली. "इव्हन म्हणजे... सुद्धा."

"कोण सुद्धा?"

"तुम्ही सुद्धा. म्हणजे आमची आंटीसुद्धा इंग्रजी बोलते."

प्रमिलाबाईंनी फोन पालथा ठेवला. तीन आठवडे फुंकर मारून शिकलेली भाषा पहिल्यांदा वापरली, तर तिचा अर्थ उलटा झाला. त्या पोरांना सोडवायला गेल्या होत्या आणि फ्लेक्स होऊन परत आल्या होत्या. ज्या नियमाविरुद्ध बोलल्या त्याचीच जाहिरात झाल्या.

"सुद्धा," त्या म्हणाल्या. "सोळा वरीस झाले. मी 'सुद्धा' शे का वं?"

जब्बारभाईंनी चहा मागवला. तो तसाच गार झाला.

*

सोमवारी सकाळी अकरापर्यंत बादलीत नऊ चड्ड्या पडल्या. प्रमिलाबाईंनी धुतल्या नाहीत. बादली उचलली आणि केबिनचं दार खांद्याने ढकललं. सर प्रवेशाच्या गुळगुळीत माहितीपुस्तिका लावत बसले होते. वरच्या पानावर टाय घातलेलं एक पोरगं हसत होतं, आणि ते आपल्या शाळेचं नव्हतं.

प्रमिलाबाईंनी बादलीतली सगळ्यात वरची चड्डी काढली आणि त्या हसणाऱ्या पोराच्या तोंडावर ठेवली.

"सर. धिस इज वेट."

सर मागे सरकले.

"मॅडम सेज वेऽऽइट." त्यांनी तो शब्द तिसऱ्या बाकावरच्या पोराचा एक पाय दुसऱ्यावर चढावा इतका ओढला. मग ओठ झटकन मिटले. "चाइल्ड इज वेट. नॉट वेऽऽइट. वेट. नाइन चिल्ड्रन. टुडे."

एकही चूक नव्हती. शे आला नाही, शी आली नाही, स जिथे हवा तिथे होता. यास्मिन तिथे असती तर तिने वहीत बरोबरची खूण केली असती. इंग्रजी माध्यमाच्या त्या परिसरात त्या वर्षी बोललं गेलेलं हे सगळ्यात शुद्ध इंग्रजी होतं, आणि ते ओल्या चड्डीविषयी होतं.

रागात माणूस आईच्या भाषेत येतो असं सगळे सांगतात. समाधान सर आले नाहीत. ते रागातही इंग्रजीतच राहिले, आणि ते चुकलं. "व्हॉट यू आर डुइंग धिस थिंग ऑन माय टेबल!" ते म्हणाले. मग जरा सावरून म्हणाले की पालक इंग्रजीसाठी शाळेत घालतात, चड्डीसाठी नाही. संचालकांचा निर्णय आहे. वाक्य बोललं गेलंच पाहिजे. आणि हे सगळं त्यांना लेखी मिळेल.

लेखी मिळालं. दुपारी ते नर्सरीच्या दारावर चिकटवलं होतं आणि एक प्रत प्रमिलाबाईंच्या हातात होती. शाळेच्या शिक्क्यासह एकच ओळ: 'द फुल सेंटेन्स मस्ट बी स्पोकन बिफोर एनी चाइल्ड लीव्ह्ज द क्लासरूम.'

तो कागद घेऊन त्या दुकानात आल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. दम चालण्याचा नव्हता. "वाच," त्या म्हणाल्या. "कामावरून काढलं का, ते सांग आधी."

यास्मिनने वाचलं. परत वाचलं. "नाही काढलं. तुमचं नावच नाही यात."

"मग?"

"फक्त नियम आहे. पोरगं वर्गाबाहेर जायच्या आधी पूर्ण वाक्य बोललं गेलं पाहिजे."

"तेच तर. कोणी बोलायचं? त्या साडेतीन वर्षांच्या..."

यास्मिनने कागद खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे बी.ए.च्या तीन वर्षांत व्याकरणाच्या तासाला कधी आलं नव्हतं. "मावशी, थांबा. कोणी बोलायचं ते यात लिहिलंच नाही."

"म्हणजे?"

"हा कर्मणी प्रयोग आहे. ग्लास फोडला गेला. कोणी फोडला? नाही सांगितलं. ऑफिसवाले मुद्दाम असंच लिहितात, कोणाच्या अंगावर यायला नको म्हणून. वाक्य बोललं गेलं पाहिजे. पोराने बोललं पाहिजे असं सर लिहायला विसरले."

जब्बारभाईंनी दातात धरलेला दोरा तोडला. "म्हणजे कोणी पण बोललं तरी चालेल?"

प्रमिलाबाईंनी ओठ गोल केले आणि फुंकर मारली. वॉशरूम. परत एकदा. वॉशरूम. त्या संध्याकाळी त्यांनी ते सात शब्द कितीदा म्हटले याचा हिशोब नाही, पण जब्बारभाईंनी मशीनवर दोन बाह्या उलट्या जोडल्या.

*

मंगळवारी सकाळी पहिल्या तासाला प्रमिलाबाई नर्सरीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. साडी खोचलेली, हातात तो शिक्क्याचा कागद.

आठ वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या बाकावरून हसनैनची करंगळी वर आली. लगेच त्याला आठवलं की हे बंद आहे आणि तो ती खाली घेऊ लागला.

"मे आय गो टू द वॉशरूम, मॅम?"

आवाज दारातून आला. बत्तीस पोरं मागे वळली. आवाज शाळेच्या घंटेसारखा होता आणि त्यात विनंती अजिबात नव्हती.

रत्ना मॅडमनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, पुन्हा प्रमिलाबाईंकडे. प्रमिलाबाईंनी कागद पुढे धरला. मॅडमनी तो वाचला. त्याही डी.एड. झालेल्या होत्या, कर्मणी प्रयोग त्यांनाही कळला.

"यस," त्या हळूच म्हणाल्या, "यू मे."

हसनैन गेला, आला आणि कोरडा आला. तो बसायच्या आत पहिल्या बाकावरून दुसरी करंगळी आली. मग शेवटच्या बाकावरून दोन. प्रमिलाबाईंनी प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य म्हटलं, सगळे सात शब्द, मॅमसुद्धा. सुट्टीपर्यंत एकोणीस वेळा. त्यातल्या काही करंगळ्या फक्त मावशीचा आवाज ऐकायला वर झाल्या होत्या. प्रमिलाबाईंनी त्याही खऱ्या धरल्या.

दहाच्या सुमारास समाधान सर आले. ते दारात उभे राहिले. बाहेर पालक फी भरायला आलेले होते, म्हणून आवाज खालचा होता. "आंटी, व्हॉट इज धिस?"

प्रमिलाबाईंनी कागद त्यांच्या टायसमोर धरला. "सेंटेन्स, सर. मस्ट बी स्पोकन." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आय स्पीक." मग यास्मिनची आठवण झाली आणि त्यांनी मुद्दाम उच्चारलं: "नो स."

सरांना शेवटचं कळलं नाही. त्यांनी स्वतःचा शिक्का पाहिला आणि स्वतःची सही. कागद बदलायचा तर आधीचा चुकला होता हे लिहून द्यावं लागणार होतं, तेही इंग्रजीत. फाटकाजवळ तिघी-चौघी आया फी भरायचं सोडून इकडे बघत होत्या. एकीने फोन वर धरला होता, फोटो काढायला. हा फोटो ग्रुपवर गेला असता तर खाली कोणती ओळ आली असती, याचा सरांनी विचार केला असावा. ते केबिनकडे परत गेले.

पुढच्या आठवड्यात तो कागद वाऱ्याने फाटला. नवा लागला नाही. फ्लेक्स मात्र गेटवर तसाच आहे. जब्बारभाईंकडे नर्सरीच्या चड्ड्या पुन्हा दोन-दोन जातात. धंदा बसला म्हणून ते कुरकुरतात, पण प्रमिलाबाई आल्या की चहा मागवतात आणि आता तो गार होत नाही.

त्यामुळे प्रमिलाबाईंचा राग गेला, असा समज कुणी करून घेऊ नये. तो कुठे जाणार? तो शे. त्या अजून रोज उंबऱ्यावर उभ्या राहतात आणि रोज त्या सात शब्दांवर नव्याने चिडतात. त्या चिडीमुळेच त्यांचा डब्ल्यू एवढा साफ येतो, असं यास्मिनचं म्हणणं आहे.

उंबऱ्यावरच्या त्या पहिल्याच दिवशी, सुट्टीला पंधरा मिनिटं असताना, वर्गात आणखी एक करंगळी वर आली. ती बाकावरून नव्हती. रत्ना मॅडम फळ्याशी उभ्या होत्या, सकाळी साडेसातपासून वर्ग सोडता आला नव्हता, आणि त्यांचा हात अगदी खाली, पदराच्या आड होता, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा.

प्रमिलाबाईंनी पाहिलं. पूर्ण वाक्य म्हटलं, मॅमसकट. मग परवानगी द्यायला समोर कुणीच नाही हे लक्षात आल्यावर तीही स्वतःच दिली.

"यस, यू मे," त्या कडाडल्या. "जाय वं माय, बेगी. पोरं मी पाहस."